साक्षीदार अ

माझ्या धाकट्या भावाला एका वर्षासाठी तडीपार केलं, त्यात माझा हात होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तिला कळलं तर ती मला घरातून काढेल, आणि त्यासाठी तिला प्रांतसाहेबांच्या आदेशाचीही गरज पडणार नाही.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. घरामागे पत्र्याची लांब शेड, तिच्यात मातीची पोती, साचे, रंगांचे डबे आणि फळ्यांवर ओळीने मूर्ती. वर्षभर काम चालतं. आसपासच्या गावांतल्या बायका रंगकामाला येतात. पीतांबर, शेला, दागिने कुणीही रंगवावेत. डोळे मात्र सगळ्यांत शेवटी आणि एकाच हाताने. त्याला आम्ही आखणी म्हणतो. मूर्ती कितीही सुबक असू दे, आखणी फसली की ती नुसती माती. म्हणून गिऱ्हाईक आल्यावर पहिलं विचारतं, आखणी कुणाची?

आमच्याकडची आखणी माझ्या भावाची.

मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. तो अंगणात गोट्या खेळत होता तेव्हापासून मी बाबांच्या शेजारी बसून पीतांबराचे काठ ओढायचे. पुढे बाबांचा हात कापायला लागला आणि बारीक ब्रश कुणाकडे द्यायचा हा प्रश्न आला. मला वाटलं, यात प्रश्न कसला? बाबांनी आम्हा दोघांना एकेक मूर्ती दिली. मी काढलेले डोळे त्यांनी जवळून पाहिले, लांबून पाहिले आणि म्हणाले, "झोपाळू येतात गो तुझे. गणपती जागा पायजे." ब्रश त्याला दिला. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि त्याचं अर्धं लक्ष बाहेर चाललेल्या क्रिकेटकडे होतं.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही. त्याला मत्सर म्हणतात, मला माहीत आहे. मी त्याला दुसरं गोंडस नाव देणार नाही. माझं लग्न एकदा ठरलं, मोडलं, आणि पुन्हा ठरवायला घरात कुणाला सवड झाली नाही. बाबा गेले, मी कारखान्यातच राहिले. मातीची ऑर्डर मी द्यायची, बायकांची भांडणं मी सोडवायची, पेंढा मी आणायचा, आणि गिऱ्हाईकाने येऊन म्हणायचं, "भाऊ कुठे आहेत?" भाऊ आतमध्ये पंख्याखाली बसलेले असायचे आणि आई त्यांच्यासाठी चहा घेऊन निघालेली असायची.

देवाने त्याला हात दिला, पण त्या हाताला आवर दिला नाही. मूर्तीसमोर बसला की तो श्वाससुद्धा हळू घ्यायचा. बाहेर पडला की कोण काय बोलेल आणि याची कधी सटकेल, सांगता यायचं नाही. बाजारात टेम्पो आडवा लावला म्हणून एकाचा हात मोडला. डोलवीला कंपनीच्या वाटेवर एका टपरीवर कुणीतरी बाबांवरून काही बोललं, तर याने त्याच्या डोक्यात स्टूल घातलं. दोन्ही केसेस कोर्टात पडून होत्या. बाजारातले लोक त्याला बघून रस्त्याची बाजू बदलायचे. हे सगळं खरं आहे. मी पुढे जे केलं ते झाकायला हे खरं मला फार उपयोगी पडलं.

त्या वर्षी रोह्याच्या एका मंडळाची मोठी मूर्ती आमच्याकडे होती. बैठकीसकट माझ्याएवढी उंच. भावाने आखणी केली आणि तो जेवायला गेला. मी मूर्तीसमोर उभी राहिले. डोळे चांगले होते, नेहमीसारखे टक्क उघडे. मला काय झालं कोण जाणे. मी ओला बोळा घेतला आणि दोन्ही डोळे पुसले. रंग अजून ओला होता, सहज निघाला. मग त्याचाच ब्रश घेऊन मी माझे डोळे काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची माणसं न्यायला आली. कापड काढलं आणि एरवी आरडाओरडा करणारी ती पोरं गप्प उभी राहिली. त्यांचे अध्यक्ष वयस्कर होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "यंदा नजर वेगळीच उतरलीय. ऐकून घेतोय असं वाटतं बघा." आणि वळून त्यांनी कुणाच्या पाठीवर थाप मारली? माझ्या भावाच्या. "भाऊ, काय हात बसलाय तुमचा!"

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. माझ्या हातात झाडू होता.

भावाने मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मंडळाच्या माणसांसमोर तो चकार शब्द बोलला नाही. संध्याकाळी मी एकटीच शेडमध्ये होते. तो मागच्या बाजूला मखरासाठी बांबू फोडत होता. तिथून तो तसाच दारात आला, हातात कोयता. दाराच्या आत एक पाऊलही टाकलं नाही. तिथूनच म्हणाला, "पुन्हा डोळ्यांना हात लावलास तर हात तोडीन तुझा." आणि गेला. बांबू फोडल्याचा आवाज परत सुरू झाला.

गणपती झाले, दसरा झाला. मग एका दुपारी साध्या कपड्यांतला एक पोलीस आमच्या शेडमध्ये आला. भाऊ मालाबरोबर पनवेलला गेला होता आणि आई शेजारी. त्याने ते बघूनच वेळ साधली होती. डोळे न काढलेल्या मूर्तींच्या ओळीसमोर स्टुलावर बसून तो म्हणाला की भावाच्या तडीपारीचा प्रस्ताव चाललाय. बाजारातलं कुणी उघड बोलायला तयार नाही. म्हणून गुप्त जबाब घेतात. नाव लिहीत नाहीत, साक्षीदार अ, साक्षीदार ब, एवढंच. साहेबांशिवाय कुणाला कळत नाही.

मी विचारलं, "याने तो सुधारेल?"

तो हसला. "सुधारायचं खातं आपल्याकडे नाय ताई. आणि ही शिक्षा नाय तशी. शिक्षा कोर्ट देईल तेव्हा देईल, चार वर्षं लागतील नायतर दहा. हे फक्त माणूस हितून उचलायचा. तो हितं नसंल तर हितं कोणाला मारणार नाय. बस, एवढाच हिशोब."

मला ते लगेच समजलं. माझ्या मामाकडे, रोह्याकडच्या खांब गावात, एक मारका बैल होता. त्याच्या गळ्यात मामाने लाकडाचं जाड लोढणं बांधलं होतं. पळायला लागला की ते पुढच्या पायांवर आपटायचं. बैलाला अक्कल यावी म्हणून लोढणं नव्हतं, आणि त्याने शिंग मारलं त्याचा सूड म्हणूनही नव्हतं. दुसऱ्याच्या वालाच्या शेतात त्याला धावता येऊ नये, बस. बैल आतून होता तसाच राहिला. आम्ही पोरं मात्र बांधावरून निवांत जायचो.

त्या पोलिसाला मी बाजाराचं सांगितलं, डोलवीचं सांगितलं. ते त्याला माहीतच होतं. तो पेन बंद करून उठायला लागला तेव्हा मी म्हटलं, "माझ्यावर पण आला होता. कोयता घेऊन."

तो परत बसला.

मी वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आधीची गोष्ट सांगितली नाही. डोळे पुसले, मंडळ आलं, थाप कुणाच्या पाठीवर पडली, त्यातलं काही नाही. बांबू फोडत होता हेही नाही. त्याने "अंगावर धावून आला" असं लिहिलं तेव्हा मी त्याला थांबवलं नाही. मला तेव्हा दिसत होतं ते एकच. पंख्याखालची ती बैठक रिकामी, आणि बारीक ब्रश माझ्या हातात.

नोटीस आली, प्रांत कार्यालयात सुनावणी झाली. आई प्रत्येक तारखेला बाहेर बाकावर बसून राहिली. मी गेले नाही, कारखान्याचं निमित्त होतंच. माघात आदेश निघाला. पेण, अलिबाग आणि पनवेल, या तीन तालुक्यांत एक वर्ष पाय ठेवायचा नाही. पोलिसांनी त्याला गाडीत घातलं आणि नागोठण्याच्या अलीकडे हद्द ओलांडून सोडलं. तिथून रोहा तालुका लागतो. तो सरळ खांबला मामाकडे गेला.

आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने सुकट भाजली, डबा भरला आणि एसटीने खांबला गेली. मग दर आठवड्याला. मी चाळीस वर्षांची होईतो माझ्यासाठी तिने एकदा डबा भरल्याचं मला आठवत नाही. जा म्हटलं, खुशाल जा. ब्रश माझ्याकडे होता.

तो पहिला महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला. मी पंख्याखाली बसले. सकाळी अंघोळ करून बसायचे आणि दुपारपर्यंत उठायचे नाही. मग पहिला व्यापारी आला. त्याने मूर्ती फिरवून फिरवून पाहिली. "आखणी कुणाची?" मी म्हटलं, "माझी." तो म्हणाला, "तरीच. डोळे जरा झोपाळू वाटतात, नाही?" दुसरा आला, तोही तेच. तिसऱ्याने नुसतं ऐकलं की भाऊ इथे नाहीत, आणि मूर्तीचं कापडसुद्धा काढलं नाही. रोह्याच्या मंडळाचे तेच अध्यक्ष फोनवर म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण डोळे भाऊंचेच पाहिजेत. गेल्या वर्षीसारखे."

गेल्या वर्षीसारखे! फोन ठेवून मी शेडच्या मागे गेले आणि बांबूच्या ढिगाला लाथ मारली. बांबूला काही झालं नाही, माझा अंगठा सुजला.

युक्ती आईने काढली. ती कधी शाळेत गेली नाही, पण सरकारी कागदातलं भोक सगळ्यांत आधी तिला दिसलं. "पोराला यायची बंदी हाय. गणपतीला जायची कुठं हाय?" ती म्हणाली. झालं. मामाच्या पडवीत पंखा लागला, फळ्या आल्या. आमच्या शेडमध्ये मूर्ती रंगवायच्या, डोळ्यांची जागा कोरी ठेवायची, पेंढ्यात बसवून टेम्पो खांबला पाठवायचा. तो डोळे काढणार, टेम्पो परत पेणला. वडखळच्या नाक्यावर एकदा पोलिसाने टेम्पो अडवला. आत पन्नास गणपती, एकालाही डोळे नाहीत. कुठे चाललेत ते ड्रायव्हरने सांगितलं तर तो पोट धरून हसला आणि जाऊ दिलं. आदेशात माणसाचं नाव होतं, वय होतं, तीन तालुके होते. त्याच्या हाताबद्दल काही नव्हतं.

मला हसू आलं नाही. त्याची मूठ पेणपासून लांब राहिली, हे खरं. बाजारात लोक मोकळे फिरायला लागले. पण मला त्याच्या मुठीशी काय घेणं होतं? मला जी बोटं थांबवायची होती ती चालूच होती, उलट आता त्यांना भाड्याची गाडी मिळाली होती.

श्रावणात आईचे गुडघे धरले आणि रोह्याच्या मंडळाची मूर्ती घेऊन मला जावं लागलं. आदेशानंतर मी त्याला पहिल्यांदाच भेटणार होते. नागोठण्याला ड्रायव्हर चहाला थांबला, मी उतरले नाही. मूर्ती माझ्या मागे उभी होती, डोळ्यांच्या जागी नुसता कोरा रंग. पूर्ण रस्ताभर मी मागे वळून बघितलं नाही.

मामा शेतावर होता. पडवीत भाऊ एकटाच मूर्तीसमोर बसला होता. थोडा वाळला होता. "ये गो ताई. बस. हे संपवतो," म्हणाला आणि परत वळला. मी त्याच्या बाजूला टेकले. रंगाच्या वाटीखाली एक घडी पडलेला कागद होता. ब्रशचं टोक धरतंय का ते बघायला आम्ही कुठल्याही कागदावर दोन डोळे काढून बघतो, तसे त्याच्यावर ओळीने डोळे काढले होते. मी सवयीने तो ओढून घेतला.

वरच्या ओळी त्याच्या होत्या. जागे, टक्क. शेवटची ओळ वेगळी होती. वरची पापणी किंचित खाली उतरलेली, नजर आत वळल्यासारखी. मला वाटलं मी चुकतेय. मग नीट पाहिलं. ते माझे डोळे होते. मी काढलेले नव्हे, त्याने माझ्यासारखे काढायला घेतलेले. एकही नीट जमलेला नव्हता. कुठे पापणी जड झाली होती, कुठे नजर भलतीकडेच गेली होती, आणि तरीही तो ओळ संपेपर्यंत काढत राहिला होता.

मी कागद उलटला. तडीपारीच्या आदेशातलं छापील पान होतं. "गोपनीय साक्षीदार 'अ' यांनी सांगितले की, सदर इसम हातात धारदार कोयता घेऊन माझ्या अंगावर धावून आला व पुन्हा डोळ्यांना हात लावलास तर हात तोडीन, अशी धमकी दिली."

पोलिसांनी नाव काढलं होतं, जागा काढली होती, तारीख काढली होती. वाक्य तसंच ठेवलं होतं. अख्ख्या पेणमध्ये डोळ्यांना हात लावण्यावरून कोण कुणाचा हात तोडायला निघेल? ते वाक्य दोनच माणसांनी ऐकलं होतं, त्यातला एक बोलणारा. हे मला जबाब देताना सुचलं नाही. माझ्यासारख्या हुशार बाईला!

तो मान वर न करता म्हणाला, "त्यात एक खोटं हाय. धावून नव्हतो आलो. दारातच उभा व्हतो."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस साहेबांना?"

"साहेबांनी इचारलं. डोळ्यांना हात म्हंजे काय, ही भानगड काय हाय? मी बोललो, मला काय सांगायचं नाय." त्याने ब्रश पाण्यात बुडवला. "काय सांगू? माझे डोळे बहिणीनं पुसले, आणि तिनं काढलेले माझ्यापेक्षा बरे झाले? तो म्हातारा माझ्या पाठीवर थाप मारीत व्हता, तवा कोयता हातात नव्हता म्हणून बरं. स्वतःलाच मारला असता."

मी कागद परत डोळ्यांच्या बाजूने उलटला.

"बाकी तू काय वाईट नाय केलंस," तो म्हणाला. "बाजारात राहिलो असतो तर आणखी एकाला मारलाच असता. हितं मला कोण ओळखत नाय, तर भांडू कोणाशी?" मग त्याने कागदाकडे बोट केलं. "ती खालची वळ बघितलीस? महिने झाले करतोय. वरची पापणी तू सोडतेस कशी? दाखव ना."

मला रडू यायला हवं होतं. मला आनंद झाला, इतका की मी पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं. आणि लगेच मागोमाग दुखायलाही लागलं. जो मत्सर मी इतकी वर्षं पोटात दाबून ठेवला, तसलाच आपला याने ब्रश धुता धुता बोलून टाकला. माझ्यावर उपकार करून, वर माझं कौतुक करून, मोकळा झाला. मोठेपणा घ्यायलासुद्धा हाच पुढे!

सांगण्यासारखं फार काही नाही. सगळे वरची रेघ नाकाकडून कानाकडे ओढतात. मी ती उलटी ओढते, बाहेरून आत, आणि शेवटच्या अर्ध्या श्वासात हात सैल सोडते. पापणी आपोआप उतरते. दोन मिनिटांत दाखवता आलं असतं. ब्रश त्याने पुढे केलेलाच होता.

"हात बसावा लागतो," मी म्हटलं.

त्या मूर्तीचे डोळे त्यानेच काढले. चांगले झाले. अध्यक्षांनी फोन करून सांगितलं की छान आहेत, पण त्या वर्षीसारखी नजर उतरलेली नाही. हा फोन मी आईला ऐकवला नाही, त्यालाही नाही.

माघात वर्ष संपलं. तो एसटीने आला. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. दुपारी तो पंख्याखाली जाऊन बसला आणि मी उठून माझ्या जागेवर आले. अजूनपर्यंत त्याने बाजारात कुणावर हात उचललेला नाही. कोर्टातल्या दोन केसेस चालू आहेत. तो मधूनच एखादी मूर्ती माझ्यासमोर आणून ठेवतो, "बघ गो, आता जमलं?" आणि मी ती जवळून बघते, लांबून बघते आणि मान हलवते.

तो कागद मी खांबहून येताना ब्लाऊजमध्ये घालून आणला. त्याने शोधला असेल, विचारलं नाही. माझ्या पेटीत साड्यांच्या तळाशी आहे. घरात कुणी नसलं की काढते. छापील बाजू बघत नाही. दुसरी बघते. शेवटच्या ओळीतला पाचवा डोळा जवळजवळ जमला आहे. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.